पाणी निवळेपर्यंत

रस्ता रुंद करायला डोंगराची कड नुकतीच कापलेली असेल, तिथली मूठभर माती घरी आणा. काचेच्या बरणीत पाणी घ्या, माती टाका, झाकण लावून बरणी चांगली खळखळवा आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या. मी ठेवली आहे. आज तिचा नववा दिवस. पहिल्या दोन मिनिटांत तळाशी रेतीचा थर बसला, पार डोळ्यांदेखत. दुपारी जेवून, थोडी झोप काढून उठलो तोवर रेतीवर मऊ पोयट्याची साय धरली होती. त्यानंतर मात्र बरणीत काही घडेचना. वरचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, ते दुसऱ्या दिवशीही तसंच, चौथ्या दिवशीही तसंच. घरच्यांनी दोनदा विचारून झालं, हे फेकायचं का.

फेकायचं नाही. रस्ता बांधताना शेजारच्या ओढ्याचं काय होतं, याचं सगळं गणित त्या बरणीत आहे.

गणित १८५१ सालचं आहे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हा केंब्रिजचा गणिती घड्याळाच्या लंबकामागे लागला होता. लंबक हवेत झुलतो तेव्हा हवा त्याला किती अडवते, हा त्याचा प्रश्न. त्या प्रश्नाच्या पोटातून एक सूत्र निघालं: बारीक गोल कण द्रवातून खाली पडताना किती वेगाने पडेल. सूत्राची गंमत अशी की कण दसपट लहान केला तर त्याचा पडण्याचा वेग दसपट कमी होत नाही, शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण मीटरभर पाण्यातून दोन मिनिटांत तळाला जातो. शंभराव्या भागाएवढ्या पोयट्याच्या कणाला तेच अंतर कापायला तीन तास लागतात. आणि हजाराव्या भागाएवढ्या चिकणमातीच्या कणाला? जवळजवळ तेरा दिवस. माझी बरणी तर वीतभरच उंच, तरी नवव्या दिवशी पाणी गढूळ आहे. म्हणजे तिच्यातले उरलेले कण याहूनही बारीक असणार. काही तर इतके बारीक असतात की पाण्याच्या रेणूंचे धक्के खात ते तरंगतच राहतात, कायमचे.

तेही संपूर्ण स्थिर पाण्यात. ओढ्याला कोण स्थिर ठेवणार? सेकंदाला मीटरभर वेगाने वाहणारं पाणी दिवसभरात शहाऐंशी किलोमीटर जातं. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र कोकणात बहुतेक ठिकाणी त्याहून जवळ आहे. घाटातल्या कटिंगवरून सुटलेला चिकणमातीचा कण एकदा ओढ्यात पडला की वाटेत कुठेही न टेकता उद्या खाडीत. तिथे मात्र त्याचा प्रवास थांबतो. का थांबतो, ते पुढे सांगतो, कारण त्या कारणात एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे.

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचा पाइप येतो, फेस येतो, वास येतो. रस्त्याच्या कामातलं मुख्य प्रदूषण असं दिसत नाही. ते विष नाही, रसायन नाही. ती निव्वळ माती आहे, जिच्यात आपण भात लावतो तीच. फक्त नको त्या जागी आणि नको तेवढी बारीक.

ती सुटते कशी, हे समजायला पावसाच्या एका थेंबाकडे बघावं लागतं. अमेरिकेतल्या व्हर्माँटचा विल्सन बेंटली हा शेतकरी बर्फाच्या पाकळ्यांचे फोटो काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण उन्हाळ्यात त्याचं मन पावसात रमायचं. थेंब केवढा असतो हे मोजायला त्याने पसरट भांड्यात पीठ पसरलं आणि ते क्षणभर पावसात धरलं. प्रत्येक थेंबाने पिठाची आपापली गोळी केली. गोळ्या सुकल्यावर त्याने त्या मोजल्या आणि १९०४ मध्ये निष्कर्ष छापले. प्रयोगशाळेचा पत्ता: स्वयंपाकघर. पुढे कळलं की पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीवर येतो तो सेकंदाला नऊ मीटर वेगाने, म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटर. गावातल्या रस्त्यावर मोटारसायकल जाते तेवढ्याने. उघड्या मातीवर तो आदळला की छोटासा स्फोट होतो, ढेकळाचे कण सुटे होऊन उडतात, आणि वाहत्या पाण्याला आयता माल मिळतो. पावसानंतर घराच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत चिखलाचे ठिपके दिसतात ना, ते त्याच स्फोटाचे.

रानात हा थेंब पडतो तो पाचोळ्यावर. झाडाची फांदी उंच असेल तर पानावरून ओघळलेला थेंबही मोठा आणि जोरकस असतो. तेव्हा मातीला खरं वाचवतं ते झाड नव्हे, झाडाखालचा सडका पालापाचोळा. आपण ज्याला कचरा म्हणून झाडून जाळतो, तो.

कोकणात आणखी एक पेच आहे. वर जांभा असतो, कणखर. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाला केरळातल्या अंगाडीपुरमला लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना दिसले, म्हणून १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. वरून बघणाऱ्याला वाटतं, डोंगर दगडाचा आहे. पण जांभ्याच्या कवचाखाली बहुतेक ठिकाणी पांढरट-गुलाबी, साबणासारखी बुळबुळीत चिकणमाती असते. लाखो वर्षं ती झाकलेली होती. पोकलेनने कवच कापलं की ती पहिल्यांदाच पाऊस बघते. माझ्या बरणीतली माती तीच.

किती माती वाहते? १९६० च्या दशकात गॉर्डन वुलमन आणि आशर शिक यांनी बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातले ओढे तपासले. शेतांतून आणि रानांतून येणाऱ्या पाण्यात, अगदी पुराच्या वेळी, लिटरमागे जास्तीत जास्त दोन ग्रॅम माती होती. बांधकामाच्या जागांवरून येणाऱ्या पाण्यात तीन ग्रॅमपासून दीडशे ग्रॅमपर्यंत. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम माती म्हणजे ते पाणी नव्हेच, ती पातळ पिठी. त्यांचा १९६७ चा निबंध सांगतो की रान आणि शेती मिळून काही दशकांत जेवढी माती ओढ्यात सोडतात, तेवढी एखादं बांधकाम थोडक्या काळात सोडू शकतं. ओढा दशकं पचवू शकतो. दशकं एका पावसाळ्यात आली तर नाही.

आता ओढ्याच्या आत जाऊ. रत्नागिरीकडे त्याला पऱ्या म्हणतात, सिंधुदुर्गात व्हाळ, देशावर ओढा किंवा ओहोळ, विदर्भात नाला. नाव काहीही असो, आपण त्याच्याकडे वरून बघतो आणि समजतो की पाणी म्हणजे ओढा आणि दगड म्हणजे त्याचा तळ. खरं तर तळाच्या खालीही ओढा असतो. गोट्यांच्या फटींतून पाणी खाली शिरतं, दगडांमधून सावकाश सरकतं आणि पुढे कुठेतरी पुन्हा वर येतं. रुमानियाचा त्रायन ओर्गिदान याने १९५९ मध्ये या अंधाऱ्या ओढ्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, ज्याचा अर्थ ‘प्रवाहाखालचा’. त्या फटींत अंडी वाढतात, अळ्या पुरापासून लपतात, उन्हाळ्यात ओढा आटला तर काही जीव तिथेच खाली ओलाव्यात दबा धरून बसतात. ओढ्याची तळमजल्याखालची बळदच म्हणा ना.

वरच्या मजल्यावरही कमी गर्दी नाही. वाहत्या पाण्यातला गोटा उचलून उलटा करा. त्याच्या पोटाला चिकटलेले चपटे किडे दिसतील, ज्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पानांसारख्या झालरी हलत असतात. त्या झालरी म्हणजे कल्ले. कुठे कॅडिसफ्लाय नावाच्या पतंगासारख्या किड्याची अळी असते. तिच्यातल्या काही जाती पाण्याखाली रेशमाचं जाळं विणतात, प्रवाहाकडे तोंड करून, आणि वाहत येणारं खाणं त्यात अडकवतात. जाळ्याची वीण इतकी एकसारखी असते की हे मागावर विणलं असेल असं वाटावं. कोळी हवेत करतो ते ही अळी धावत्या पाण्यात करते.

आणि मळ्या मासा. हनुवटीखाली त्याला चकतीसारखा एक चोषक असतो. त्याने तो कातळाला घट्ट चिकटतो, भर प्रवाहात, आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी दख्खन पालथं घालत होता. १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा बऱ्याच माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनच्या साच्यात बसवून दिली. म्हणून आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत मळ्या ‘गारा मुल्या’ आहे, दख्खनचा महसीर ‘टोर खुद्री’ आहे आणि शिंगटी ‘मिस्टस सींगटी’. कुणा अनाम भोयाने ओढ्याकाठी उच्चारलेला मराठी शब्द लंडनच्या कागदावर गेला आणि तिथे पक्का झाला.

आंबोलीत तर याहून नवलाची गोष्ट आहे. हिरण्यकेशी नदी जिथे उगम पावते तिथल्या देवळाच्या कुंडात लोच गटातला एक करंगळीएवढा मासा सापडला. २०२० मध्ये त्याचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नामकरण झालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ते संरक्षित क्षेत्र दोन हेक्टरांहून थोडंसंच मोठं. एका अख्ख्या जातीचं माहीत असलेलं जग एवढंच! एखादा डंपर मातीचा ढीग चुकीच्या उतारावर रिकामा करून गेला तर असं जग दुपारभरात गढूळ होईल. देवराई आणि देवाचा डोह या कल्पनांना आपण श्रद्धेच्या खात्यात टाकतो. रायगडाच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंडीत वरदायिनीचे म्हणून महसीर आजही राखले जातात, ते बघितलं की मला वाटतं, ही श्रद्धा बरीच हुशार होती.

बारीक गाळ या सगळ्या संसारावर काय करतो? तो मारत नाही, बुजवतो. गोट्यांच्या फटी भरतो आणि बळदीचं झाकण बंद होतं. खालच्या अंड्यांना प्राणवायू नेणारं पाणीच थांबतं. अळीच्या जाळ्याची वीण चोंदते. मळ्याच्या दगडावर सूर्यप्रकाश पोचत नाही, शेवाळ धरत नाही, आणि धरलंच तर त्यावर चिखलाचा लेप. बाहेरून बघणाऱ्याला ओढा वाहतो आहे, खळखळतो आहे. मेलेले मासे तरंगत नाहीत, म्हणून बातमीही होत नाही.

माणसांचं काय, हेही त्याच गढूळपणात मोजता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी एक झकास युक्ती वापरत: काचेच्या उभ्या नळीखाली मेणबत्ती पेटवायची, वरून डोळा लावायचा आणि नळीत पाणी ओतत जायचं. ज्योतीचा आकार विरघळून नुसता उजेड उरला की थांबायचं; पाण्याची उंची जितकी कमी, तितकं ते गढूळ. आज हे काम प्रकाशाचे किरण मोजणारं यंत्र करतं आणि आकडा एनटीयू या एककात देतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, १ एनटीयूपर्यंत चांगलं, दुसरा उपाय नसेल तर ५ पर्यंत चालेल. याचं कारण नुसतं दिसणं नाही. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची नळपाणी योजना वरच्या झऱ्यावर किंवा व्हाळावर असते. वर कटिंग सुरू झालं की खाली हंड्यात ते दिसतं.

मग करायचं काय? रस्ता तर हवाच. बाळंतिणीला झोळीतून खाली आणलेली गावं अजून आहेत, त्यांना ओढ्याच्या मळ्याची गोष्ट सांगून रस्ता नाकारणारा मी कोण?

पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय कॅलेंडरचा आहे. युरोपात पाऊस वर्षातल्या कुठल्याही दिवशी येतो, तिथल्या इंजिनिअरला बारा महिने छत्री घेऊन काम करावं लागतं. आपल्याकडे पावसाला जवळजवळ तारीख आहे. दसऱ्यानंतर उघडा, एप्रिलपर्यंत कापा, मे महिन्यात झाका: एवढी मोठी सोय आपल्याला फुकट मिळाली आहे. पण मंजुऱ्या, निधी आणि भूसंपादन यांचं घोडं नेमकं फेब्रुवारीत गंगेत न्हातं, आणि मे महिन्यात सगळी यंत्रं एकदम डोंगरावर तुटून पडतात. म्हणजे जमीन सर्वांत जास्त उघडी असते ती मृगाच्या आदल्या आठवड्यात. इतका अचूक चुकीचा मुहूर्त ठरवूनही साधता यायचा नाही.

दुसरा उपाय चांगल्या पाण्याला वाईट संगतीपासून वाचवण्याचा. कटिंगच्या माथ्यावरून, रानातून येणारं पाणी स्वच्छ असतं. ते उघड्या मातीवरून वाहू द्यायचंच नाही. माथ्यावरच चर काढून त्याला बाजूने सुरक्षित उतरवायचं. साइटवर याला कॅच वॉटर ड्रेन म्हणतात. यामुळे गढूळ होऊ शकणारं पाणीच बरंच कमी होतं, आणि उरलेलं सांभाळणं आवाक्यात राहतं.

उरलेल्याला आवरायला लागतो तो अनघड दगडी बांध, गावोगावच्या पाणलोटाच्या कामात बघितलेला. गटाराच्या उतारावर ठरावीक अंतराने दगड रचायचे, वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत येईल असे. दिसायला अगदी गावठी. पण त्यामागचा नियम थक्क करणारा आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलू शकेल? दुप्पट नाही, चौपटही नाही. चौसष्टपट. वेगाचा सहावा घात. म्हणूनच काल टोपलीएवढे दगड खेळवणारा ओढा आज मोटारीएवढी शिळा घेऊन जातो आणि आपण देवाला दोष देतो. हाच नियम उलटा वाचा: वेग निम्मा केला तर पाण्याची ताकद चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. चार दगडांची ओळ एवढं करते.

मग येतं कापडी कुंपण. कामाच्या खालच्या कडेला काळं जाळीदार कापड खुंट्यांवर ताणलेलं कधी दिसलं असेल. सगळ्यांचा समज असतो की ती चाळणी आहे. ती चाळणी नव्हे. चिकणमातीचा कण त्या कापडातून खुशाल निघून जातो. कुंपणाचं काम पाण्याला थोपवायचं आहे, म्हणजे मागे तळं साचेल आणि स्टोक्सच्या हिशेबाने रेती-पोयटा खाली बसेल. म्हणून कापडाची खालची कड चर खणून मातीत गाडावी लागते. आमच्या भागात एका कामावर ते कुंपण नुसतं जमिनीला टेकवून उभं केलेलं मी पाहिलं; पाणी खालून आरामात जात होतं आणि कुंपण वर फडफडत होतं, लग्नाच्या मांडवाच्या कनातीसारखं. फोटोत छान दिसलं असेल.

शेवटी सगळं पाणी गाळाच्या तळ्यात. आता एक कोडं. तळं खोल खणावं की पसरट? मला वाटायचं, खोल; खोल तळ्यात जास्त पाणी मावतं, ते जास्त वेळ थांबतं. अमेरिकन इंजिनिअर ॲलन हेझन याने १९०४ मध्ये दाखवून दिलं की खोलीने फरक पडत नाही. तळं दुप्पट खोल केलं तर पाणी दुप्पट वेळ थांबतं खरं, पण कणाला पडायचं अंतरही दुप्पट होतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते फक्त पाण्याचं क्षेत्रफळ. म्हणून हिशेब सोपा होतो: सेकंदाला दहा लिटर गढूळ पाणी येत असेल तर पोयट्याचे कण बसवायला सुमारे एकशेअकरा चौरस मीटरचं तळं पुरतं, एखाद्या घरापुढच्या अंगणाएवढं. चिकणमातीच्या हजाराव्या भागाच्या कणांसाठी मात्र अकरा हजार चौरस मीटर लागतील. पावणेतीन एकर! घाटात पावणेतीन एकर सपाट जागा असती तर रस्त्याला डोंगर कापावाच लागला नसता.

इथे आजीची युक्ती कामाला येते. परवा मी दुसरी बरणी हलवली आणि तिच्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवला. पाच मिनिटांत पाण्यात कापसासारखे पुंजके दिसू लागले, अर्ध्या तासात वरचं पाणी निवळलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून एकत्र येत नाहीत आणि म्हणून बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात. तो ढकलाढकली मिटवतो, शिवाय स्वतः चिकट पुंजके होऊन कणांना गुंडाळत खाली नेतो. भाराचा परिणाम किती, याचा ढोबळ नियम शुल्झ आणि हार्डी यांच्या नावाने ओळखला जातो: तो भाराच्या सहाव्या घाताने वाढतो. एक भार असलेल्या मिठातल्या सोडियमपेक्षा तीन भारांचा ॲल्युमिनियम सातशे एकोणतीसपट जोरदार. पुन्हा सहावा घात! शिळा ढकलणारा आणि कण गोळा करणारा, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी आकडा तोच निघावा याची मला गंमत वाटते.

आणि खाडीचं मघाचं कोडंही इथेच सुटतं. सोडियम दुबळा असला तरी समुद्रात मीठ अफाट आहे. डोंगरातून न टेकता आलेला कण खाऱ्या पाण्याला शिवताच भावंडांना चिकटतो, जड होतो आणि बसतो. खाडीच्या मुखाशी चिखल साचतो तो असा. समुद्र ही जगातली सर्वांत मोठी तुरटी आहे.

रस्त्याच्या कामावर हीच युक्ती मोठ्या प्रमाणात करतात. तुरटीसारखे क्षार चालतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात काइटोसन वापरतात, जे कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांपासून बनतं. आपल्याकडे निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करायची रीत इतकी जुनी आहे की तिचा उल्लेख मनुस्मृतीतही सापडतो, आणि झाडाचं नावच निवळी. शेवग्याच्या बियाही तेच करतात. एक पथ्य मात्र कडक: हे सगळं तळ्यात करायचं, ओढ्यात नाही. कणांना चिकटणारं औषध माशांच्या कल्ल्यांनाही चिकटतं.

सिमेंटची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. ओल्या काँक्रीटमधून निथळणाऱ्या पाण्याचा पीएच बारा-तेरा असतो. सातच्या साध्या पाण्याहून बाराचं पाणी पाचपट नव्हे, एक लाखपट अल्कधर्मी. नऊच्या वर गेलं की बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांचे हाल सुरू. मोरीचा स्लॅब टाकून झाला की ट्रान्झिट मिक्सर धुवायला सर्वांत सोयीची जागा कोणती? ओढा, अर्थात. गाळ निदान दिसतो. हे पाणी नितळ दिसतं आणि मारतं. त्यासाठी प्लॅस्टिक अंथरलेला एक खड्डा पुरतो. साचलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून त्याची धार मोडतात, म्हणजे जो वायू सोड्याच्या बाटलीत असतो तोच.

मोरीवरून आठवलं. नुसता गोल पाइप टाकून वर भराव केला की पाणी पाइपातून जोरात सुटतं, पलीकडचा तळ खरवडतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत पाइपाचं तोंड हवेत लटकू लागतं. बोटभर माशाला हातभर उंचीची ती उडी म्हणजे बंद दरवाजा. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाखाली ठेवला तर आत गोटे साचतात आणि ओढा सलग राहतो. त्याहून चांगल्या त्या जुन्या दगडी कमानी, ज्यांच्याखाली ओढ्याचा स्वतःचा तळ शाबूत असतो. आणि सर्वांत सभ्य आपला साकव: दोन काठांना पाय टेकतो, पाण्याला हातही लावत नाही.

उतार कायमचा धरून ठेवायला वाळा. उन्हाळ्यात माठात जुडी घालतो, खिडकीला पडदे लावतो, तोच. जगात त्याला व्हेटिव्हर म्हणतात, तोही मूळचा तमिळ शब्द. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-चार मीटर जातात. मोजमापं सांगतात की त्याच्या बारीक मुळाची ताण सोसायची ताकद साध्या पोलादाच्या जवळपास एक षष्ठांश आहे. व्हिएतनामने हो ची मिन्ह महामार्गाचे उतार यानेच बांधले. आपण मात्र अजून त्याचं सरबत पितो. वाळा धरेपर्यंत उतारावर काथ्याची जाळी अंथरायची. दोन-तीन वर्षांत ती कुजून मातीत जाते, तोवर गवताने ताबा घेतलेला असतो.

हे सगळं आपल्याला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशील-पुस्तकात, ज्याला साइटवर सगळे ऑरेंज बुक म्हणतात, कलम ३०६ मातीची धूप आणि गाळ रोखण्याबद्दलच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची उतारांच्या धुपेवर वेगळी पुस्तिका आहे. माझा संशय वेगळाच आहे: खोदाईचं बिल घनमीटरने निघतं, डांबराचं टनाने निघतं, पण न वाहिलेल्या मातीचं माप कुठल्या मेजरमेंट बुकात लिहायचं? जिथे रस्त्याच्या कामाला पाण्याचा फायदा मोजता आला, तिथे चित्र बदललं आहे. बुलढाणा पॅटर्न म्हणून जे गाजलं, त्यात महामार्गाच्या भरावाला लागणारी माती आणि मुरूम गावतळी व नाले खोल करून उचलला. रस्त्याला माती मिळाली, गावाला पाणी. एकच पोकलेन, फक्त ती कुठे खणते याचा आधी विचार केलेला.

पहिली बरणी अजून ओट्यावर आहे. खिडकीतून समोरचा डोंगर दिसतो, त्याची कापलेली कड ओल्या गुलाबी मांसासारखी चमकते आहे. मेचा शेवटचा आठवडा. दक्षिणेकडून आभाळ भरून आलं आहे, वाऱ्याला मातीचा वास आहे, आणि कड्यावरची पोकलेन अजून चालूच आहे.